नाव पुसलेला आवाज

१

"थांबा हं, पान उलटते."

हे शब्द तिने पहिल्यांदा ऐकले तेव्हा ती सात वर्षांची होती. त्या साली बाबांची नजर गेली. घरातलं सगळंच हळू झालं: दारं हळू, पावलं हळू, बोलणं त्याहून हळू. मग एक दिवस आई बोलक्या पुस्तकांच्या केंद्रातून एक डबी घेऊन आली, ओट्यावर प्लेअर ठेवला, आणि त्यातून एक बाई बोलू लागली. आवाज कोवळा नव्हता, गोडही नव्हता. धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती लुगड्यासारखा होता. माईक तपासायला ती बाई आधी स्वतःच रचलेली एक ओवी म्हणायची:

आवाज माझा बाई, वाऱ्याच्या हाती देते
कुणाच्या दारी जाते, कुणा ठावे

मग पुस्तक सुरू. आणि पान संपलं की, "थांबा हं, पान उलटते," आणि कागदाची सळसळ. बाबा खरंच थांबायचे. घास हातात धरून थांबायचे.

त्या बाईला सगळं गाव वाचनमावशी म्हणायचं. तिने तीस वर्षं वाचलं, आणि अकरा वर्षांपूर्वी एका रात्री झोपेतच गेली. शेवटचं पुस्तक होतं एका दीपगृहाच्या राखणदाराची कादंबरी. पहिला भाग केंद्राने तेव्हाच लोकांना दिला. त्याच्या शेवटी राखणदाराची मुलगी होडी घेऊन वादळात जाते. दुसरा भाग कच्चाच राहिला.

बाबा अकरा वर्षं विचारत होते, "पोरगी परतली का गं?"

"पुस्तक छापलेलं आहे बाबा. मी वाचून दाखवते ना."

"तू नको. होडी तिने पाण्यात घातलीय, किनाऱ्यालाही तीच लावेल."

आता ती सात वर्षांची मुलगी त्याच केंद्रात नोकरीला होती. केंद्राचा पुस्तकं बनवायचा आणि ऐकवायचा प्रोग्रॅम तीन तऱ्हेच्या कॉम्प्युटरांवर चालायचा, आणि तिन्हींच्या सिस्टीमचे स्वभाव वेगळे. तिन्हीकडे तो सारखाच वागतो का, हे तपासणं तिचं काम. दुसऱ्याच्या कामात चुका शोधायचा पगार मिळतो म्हणून सगळे तिला खुसपटताई म्हणत. तिला राग येत नसे. उलट सहीसुद्धा तशीच करावी असं तिला कधीकधी वाटे.

त्या दिवशी सकाळी दहाला संचालकबाईंनी सगळ्यांना ध्वनिखोलीत बोलावलं. बाईंच्या लॅपटॉपच्या पडद्यावर एक फोल्डर उघडं होतं. त्याचं नाव कच्ची पेटी. कापाकापी न झालेलं ध्वनिमुद्रण त्यात राहायचं. काल तिथे मावशीच्या दुसऱ्या भागाची एकच लांबलचक फाइल होती. आज पेटी रिकामी होती.

"दुसरी प्रत?" खुसपटताईने विचारलं.

"कच्च्याची प्रत कोण ठेवतं?" बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बसला होता. "आजच ती माझ्या हातात येणार होती. काल संध्याकाळी सातच्या सुमारास गेलीय, पेटीतला शेवटचा बदल तेव्हाचा दिसतोय."

कोपऱ्यातल्या बाकावर बाबा बसले होते. रोज सकाळी ते मुलीबरोबर यायचे आणि शेजारच्या ऐकण्याच्या खोलीत दिवस काढायचे. त्यांनी काठी जमिनीवर एकदा टेकवली.

"काल सात वाजता गेली?" ते म्हणाले. "मग आज सकाळी साडेआठला भिंतीपलीकडून मी ऐकली, ती कोण होती?"

२

सगळे एकदम बोलले, आणि त्यातून एकच गोष्ट निघाली, की म्हातारपणी कान वाजतात.

"माझे डोळे गेलेत," बाबा म्हणाले. "कान शाबूत आहेत. तुमच्या बुटाची नाडी सुटलीय मामा, चालताना टोक फरशीवर आपटतंय."

मशीनवाले मामा खाली वाकले आणि मुकाट्याने नाडी बांधू लागले. वायरी, डिस्का, पंखे, सगळ्या केंद्राची यंत्रं त्यांच्या हाताखाली.

"काय ऐकलंत?" खुसपटताईने विचारलं.

"'थांबा हं, पान उलटते.' मग सळसळ. मग पुढचं दोन मिनिटं. नवं होतं. राखणदार दिव्याची काच पुसतोय. पहिल्या भागात हे नाही."

खुसपटताईने मनात जुळवून पाहिलं. जे काल सात वाजता नाहीसं झालं ते आज साडेआठला बोललं. हे कसं?

"सोपं आहे," संचालकबाई म्हणाल्या आणि त्यांची नजर खिडकीजवळ उभ्या असलेल्या माणसावर गेली. "कुणीतरी प्रत काढून मूळ पुसली."

खिडकीजवळ कात्रीकाका होते. केंद्राचे ध्वनिसंपादक. फितीच्या काळापासून ते मावशीचं वाचन कापत, जोडत, खोकला काढत, श्वास ठेवत आले होते. मावशी त्यांची सख्खी थोरली बहीण. अकरा वर्षं दुसऱ्या भागाबद्दल विचारलं की त्यांचं एकच उत्तर, "साफ करतोय." महिनाअखेर ते निवृत्त होणार होते, म्हणून बाईंनी आजची मुदत घातली होती.

"काका, सकाळी इथे कोण होतं?"

"मी. आठपासून."

"काही लावलं होतं?"

"नाही."

इतकं आखूड उत्तर काकांकडून कुणी ऐकलं नव्हतं. हा माणूस घड्याळात किती वाजले विचारलं तर घड्याळाची गोष्ट सांगायचा.

"बाई," खुसपटताई म्हणाली, "संध्याकाळपर्यंत वेळ द्या. फाइल कशी गेली ते मी शोधते."

"संध्याकाळपर्यंत नाही," मामा नाडीची गाठ मारत म्हणाले. "चार वाजता सगळी मशीनं बंद करून परत चालू करायचीत. नव्या सिस्टीमचे बदल बसवायचेत. त्यानंतर शोधून काही सापडेल याची हमी नाही."

भिंतीवरच्या घड्याळात साडेदहा झाले होते.

३

संशयित तीन. चौथी ती स्वतः, पण हे तिला अजून ठाऊक नव्हतं.

पहिला, केंद्राचा प्रोग्रॅम लिहिणारा. त्याच्या तोंडी एकच शब्द, म्हणून त्याचं नाव फटाफट. त्याच्या टेबलावर तीन कीबोर्ड आणि सात रिकामे कप होते.

"ताई, मी कुणाची फाइल कशाला पुसू? पुसायला माझा झाडू आहे."

झाडू म्हणजे त्याने सहा वर्षांपूर्वी लिहिलेला छोटा प्रोग्रॅम. ध्वनिखोलीच्या मशीनवर तो रोज संध्याकाळी सातला जागा व्हायचा आणि कच्च्या पेटीतलं वर्षापेक्षा जुनं सगळं काढून टाकायचा.

"वर्षापेक्षा जुनं! मावशीची फाइल तर अकरा वर्षांची."

"पण वापरात असेल तर झाडू सोडून देतो ना. तसा नियमच आहे. सहा वर्षं हात लावला नाही त्याने."

"कालच का लावला मग?"

"लावला असं कोण म्हणतं? कालपासून तो ध्वनिखोलीच्या नव्या मशीनवर गेलाय, हे खरं. जुनं मशीन मामांनी काढलं, सगळं नव्यावर आणून त्याची डिस्क कोरी केली, आणि नव्यावर सिस्टीम दुसरी. मी झाडू तिकडे नेला, फटाफट. एक चूक आली नाही. एक लाल ओळ नाही. आणि तपासून सही कुणी दिली?" त्याने भुवया उडवल्या. "एक सून तीन सासरी नांदवायची म्हणजे काय ते तुम्हाला माहीतच आहे."

सही तिनेच दिली होती. तो कागद तिला आठवला. चौदा तपासण्या, चौदा बरोबरच्या खुणा.

"झाडूची रोजनिशी दाखव."

प्रत्येक प्रोग्रॅम आपण काय केलं ते ओळीने लिहून ठेवतो. जुन्या मशीनवरून उतरवून ठेवलेली सहा वर्षांची रोजनिशी तिने वरून खाली उलगडली. मावशीच्या फाइलपुढे रोज एकच ओळ: वापरात आहे, सोडली. वापरात आहे, सोडली. सोमवारी सोडली, रविवारी सोडली. सुट्टीच्या दिवशी, केंद्राला कुलूप असताना, सोडली. ओवीच्या ध्रुवपदासारखी ती ओळ परत परत येत होती.

मग तिने नव्या मशीनची रोजनिशी उघडली. तिच्यात मावशीच्या फाइलची एकच ओळ होती. कालची.

काढली.

फटाफटच्या हातातला कप टेबलावर टेकला नाही, तसाच अधांतरी राहिला.

"म्हणजे मीच?" तो म्हणाला.

४

चोर सापडला होता, पण खुसपटताईचं समाधान होईना. तिच्या मनात दोन खडे टोचत होते. पहिला, सकाळी साडेआठचा आवाज. दुसरा, तो रविवार. कुलूप लावलेल्या केंद्रात फाइल कोण वापरत होतं?

ती मामांकडे गेली. मामा जेवणाचा डबा मांडीवर घेऊन मशीनच्या खोलीत बसले होते आणि डब्याऐवजी पडद्याकडे बघत चावत होते.

"मामा, कशावर रागावलात?"

"बेरजेवर," मामा म्हणाले. "नवी डिस्क लहान आहे. मी रोज मोकळी जागा बघतो. काल मशीन बसवल्यावर बघितली, आज सकाळी बघितली. जशीच्या तशी."

"मग?"

"मग काय! पेटीतून चाळीस जीबीची धोंड गेली म्हणताय. धोंड उचलली तर खाली जमीन दिसायला नको?"

खुसपटताई स्टूल ओढून बसली. "कुणी दुसऱ्या फोल्डरात लपवली असेल."

"मलाही तेच वाटलं. एकेक फोल्डर मोजलं. लपलेलीसुद्धा. सगळ्यांची बेरीज केली." त्यांनी चपातीचा तुकडा हवेत फिरवला. "डिस्क म्हणते अमुक इतकी भरलीय. फोल्डरांची बेरीज त्याहून चाळीसने कमी. घरातल्या माणसांची शिरगणती केली तर सहा, आणि ताटं सात उष्टी. सातवा जेवून गेला तो कोण?"

"कुठल्याच फोल्डरात नाही, पण डिस्कवर आहे?"

"तेच तर. जागा अडवलीय, आणि नाव नाही."

नाव नाही. ती हे दोन शब्द तोंडातल्या तोंडात घोळवत राहिली. सकाळी ऐकू आलेला आवाज. न वाढलेली जागा. सुट्टीच्या दिवशीसुद्धा वापरात असलेली फाइल. तिन्हींना जोडणारा धागा कुठेतरी लोंबत होता. तिला टोक दिसत होतं, हाताला लागत नव्हतं.

"जुनं मशीन काढताना ध्वनिखोलीत काही वेगळं दिसलं का?"

मामा हसले. "वेगळं? काकांचा कागद! 'हे मशीन कधीही बंद करू नये.' चिकटपट्टी पिवळी पडलेली. मशीन बदललं तसा तो कागदही काकांनी नव्या मशीनवर लावला. मी म्हटलं, काका, नव्याला असले लाड नकोत. तर म्हणाले, तुझं वय किती, माझं किती."

५

दोन वाजता ती काकांसमोर बसली. ध्वनिखोलीच्या भिंतींना जाड कापड होतं. एका भिंतीचं मात्र उसवलेलं होतं, पलीकडे बाबांची खोली. मशीन चालू होतं, पण पडदा काळा होता. काकांनी तो बंद ठेवला होता.

"काका, झाडू पुसू नये म्हणून तुम्ही फाइल रोज उघडी ठेवायचात ना? दिवसरात्र?"

काका हातातली जुनी कात्री उघडत, मिटत राहिले. फिती गेल्या तरी कात्री गेली नव्हती.

"फटाफटने झाडू आणला तेव्हा मी विचारलं होतं, कशाला हात लावत नाही? तर म्हणाला, उघडी असेल त्याला. मग मी उघडी ठेवली. दारात पाय घालून ठेवतो तसा. सगळ्यांनाच शिकवली ती युक्ती. ठेवायचं असेल ते उघडं ठेवा."

"बाईंना सांगितलं असतं तर ती फाइल नीट दुसरीकडे ठेवता आली असती."

"मग त्यांनी ती मागितली असती."

"त्यात वाईट काय होतं?"

कात्री मिटली. काकांनी ती टेबलावर उलटी ठेवली. आणि खुसपटताईला पहिल्यांदा वाटलं, की हे रहस्य फाइल कशी गेली एवढंच नाही. फाइल अकरा वर्षं का थांबली, हेही आहे.

"सकाळी तुम्ही ती लावली होती."

"बाबांचे कान वाजले असतील."

"काका, माझ्या बाबांच्या कानांवर तुमचं अख्खं आयुष्य गेलंय. एक श्वास चुकीचा कापलात तर ते पत्र पाठवायचे."

काकांच्या ओठाचा एक कोपरा हलला. हसू नव्हतं ते, पण त्याच्या घराशेजारचं काहीतरी होतं.

"तेरा पत्रं," ते म्हणाले. "ताईने जपून ठेवली होती. जा पोरी. जे गेलं ते गेलं."

दारातून बाहेर पडताना ती थांबली. "मशीन तापलं की पूर्वी फार आवाज करायचं म्हणे?"

हा प्रश्न तिने उगाच विचारला होता, काका पुन्हा मोकळे व्हावेत म्हणून. पण काकांचा चेहरा कापडासारखा पांढरा पडला.

"पंखा घुमायचा," ते म्हणाले. "भुंग्यासारखा. मुद्रणात उतरायचा. जा म्हटलं ना."

६

साडेतीनला ती फटाफटच्या टेबलावर आदळली. तो डोकं धरून बसला होता. राजीनाम्याचा मसुदा पडद्यावर, त्यातही दोन चुका.

"ते मिट. एक सांग. फाइल वापरात आहे की नाही, हे तुझा झाडू कुणाला विचारतो?"

"विचारत नाही."

"म्हणजे?"

"विचारायला वेळ जातो ताई. तो सरळ पुसायला जातो. जुनी सिस्टीम कडक. फाइल कुणाच्या हातात असेल तर पुसूच देत नाही, मनगट धरते. मनगट धरलं की झाडू समजतो, वापरात आहे. लिहितो 'सोडली' आणि पुढे जातो. फटाफट."

"आणि नवी सिस्टीम? तीही मनगट धरते?"

फटाफटने डोक्यावरचे हात काढले.

"नाही," तो अगदी हळू म्हणाला. त्याला हळू बोलता येतं हे तिला ठाऊक नव्हतं. "नवी नाही धरत. ती म्हणते, पुसायचंय? पुस. म्हणून तर लाल ओळ आली नाही. तिच्या दृष्टीने चूक झालीच नाही."

"मी तपासलं ते काय मग?" खुसपटताई स्वतःशीच बोलल्यासारखी बोलली. "जुनी फाइल जाते का? जाते. नवी राहते का? राहते. चौदा तपासण्यांत मी एकदाही फाइल उघडी ठेवून झाडू चालवला नाही. जुन्या घरात नकार आपोआप यायचा, म्हणून नव्या घरात तो येतो का हे बघायचं सुचलंच नाही मला. खुसपट म्हणे!"

मग तिच्या डोळ्यांत काहीतरी पेटलं.

"थांब. नव्या सिस्टीमवर फाइल पुसली, पण ती कुणाच्या हातात होती. मग त्या हातातलं काय होतं?"

"काही नाही होत. नव्या सिस्टीमवर नाव वेगळं आणि वस्तू वेगळी. पुसलं की दारावरची पाटी निघते. आत कुणी बसलं असेल तर घर पाडत नाही ती. शेवटचा माणूस उठेपर्यंत घर उभं. तो उठला, की मग..."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

पाटी नाही, पण घर आहे. नाव नाही, पण जागा अडलीय. फाइल नाही, पण आवाज येतो. काकांनी काल प्लेअर उघडा ठेवला. सातला झाडू आला आणि पाटी घेऊन गेला. काकांना कळलं नाही. सकाळी साडेआठला त्यांनी रोजच्यासारखी बहीण ऐकली, आणि ती रोजच्यासारखी बोलली, कारण ती अजून त्या उघड्या प्लेअरच्या मुठीत होती.

"आणि मशीन बंद केलं तर?"

"मूठ सुटली. संपलं."

घड्याळात पावणेचार झाले होते. खुसपटताई धावली. मागून फटाफट, त्याच्या मागून एक कप गडगडत.

ध्वनिखोलीचं दार उघडं होतं. 'हे मशीन कधीही बंद करू नये' हा कागद जमिनीवर पडला होता. मामा वाकलेले, बोट बटणावर.

"मामा, हात काढा!"

मामांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. "अगं, काकांना विचारूनच करतोय. म्हणाले, काही चालू नाही, कर बंद."

काका भिंतीला टेकून उभे होते. डोळे मिटलेले.

खुसपटताईने काळ्या पडद्याचं बटण दाबलं. पडदा उजळला. मध्यभागी प्लेअर उघडा होता, वाचन मध्येच थांबवलेलं. वर मावशीच्या फाइलचं नाव.

"काका," ती म्हणाली, "हिला तुम्ही जाऊ देणार होतात?"

"माझ्या हाताने बंद करवेना," काका म्हणाले. "म्हटलं, त्याच्या हाताने होतंय तर होऊ दे."

७

फटाफट खुर्चीवर बसला आणि आयुष्यात पहिल्यांदा सावकाश टाइप करू लागला. नव्या सिस्टीमला विचारता येतं, की या चालू प्रोग्रॅमच्या मुठीत काय काय आहे. तिने यादी दिली. शेवटच्या ओळीत मावशीची फाइल होती, आणि तिच्या पुढे कंसात सिस्टीमनेच लिहिलं होतं: पुसलेली.

"बघा," तो कुजबुजला. "स्वतःच सांगतेय, पुसली, पण आहे."

त्या मुठीतून त्याने प्रत काढली. चौदा मिनिटं लागली. मामा दारात राखणदारासारखे उभे राहिले, संचालकबाई आल्या तेव्हा त्यांनाही म्हणाले, "बाई, पाऊल हळू टाका." काय घडलं ते खुसपटताईने त्यांना पहिल्यापासून सांगितलं. कोणाची चूक असं विचारल्यावर आधी स्वतःचं नाव घेतलं, मग झाडूचं. दारात पाय घालून ठेवायची ती सहा वर्षांची युक्तीही सांगितली. काका का गप्प राहिले, ते मात्र सांगितलं नाही. ते तिचं नव्हतं.

प्रत पूर्ण झाली, मग फटाफटने तो प्लेअर बंद केला. मामांनी डिस्क बघितली, बोटांवर हिशेब केला आणि म्हणाले, "बेरीज जुळली."

"बाबांना बोलवा," खुसपटताई म्हणाली.

चाळीस जीबी ऐकायला दिवस लागतील. पण बाबा म्हणाले, आधी शेवट. अकरा वर्षं थांबलो, आता क्रमाने जायची सक्ती करू नका. काका एकदम पुढे झाले. "शेवट नको," असं काहीतरी त्यांच्या ओठांवर आलं आणि तिथेच विरलं. फटाफटने फाइलच्या टोकाशी नेऊन बटण दाबलं.

मावशी बोलू लागली. होडीची शीड फाटलेली. राखणदार दिव्यापाशी. समुद्रावर धुकं, आणि धुक्यात एक ठिपका, जो लाट असेल किंवा नसेल. बाबांच्या हातातली काठी हलायची थांबली.

"थांबा हं, पान उलटते."

सळसळ. आणि मग, अकरा वर्षांपूर्वीच्या खोलीतून, दुसरा आवाज. काकांचाच, अकरा वर्षांनी तरुण, तुटक.

"ताई, बास आता. उद्या."

"अरे, दोनच पानं राहिलीत. ती पोरगी तिथे पाण्यात उभी आहे, आणि तू उद्या म्हणतोस?"

"मशीन तापलंय. उद्या."

एक लांब श्वास. मग मावशीचं हसू, अगदी बारीक. "बरं बाबा. तुझं मशीन, तुझा हुकूम. थांबा हं मंडळी. उद्या उलटते."

खट्. आवाज संपला. त्याच रात्री मावशी झोपेत गेली होती.

खुसपटताईच्या कानात काहीतरी टोचत राहिलं, आणि तिला कळेना काय. जे ऐकू आलं ते नव्हतं. जे ऐकू यायला हवं होतं, आणि आलं नव्हतं, ते. तिने बाबांकडे पाहिलं. बाबांनी मान किंचित तिरकी केली होती. एखादा श्वास चुकीचा कापलेला सापडला की ते अशीच मान करायचे.

त्यांनाही ऐकू आलं नव्हतं. त्या मुद्रणात पंखा नव्हता. भुंगा नव्हता. खोली स्वच्छ, शांत, थंड होती.

ती काही बोलणार तोच बाबांनी काठीचं टोक हळूच तिच्या पावलावर टेकवलं. गप्प रहा.

मग ते काकांच्या दिशेने वळले. "पुस्तक आहे का रे तुझ्याकडे?"

काकांनी खण उघडला. पुस्तक अगदी वर होतं. शेवटून दोन पानं आधी एक वाळका दोरा घातलेला. मावशीच्या हातचा असावा.

"वाच," बाबा म्हणाले. "बहीण तुझी, आवाजात तिचा अंश असणार. वाच तू. मी थांबलोय."

काकांनी पान उघडलं. चष्मा लावला, काढला, परत लावला. तोंड उघडलं, पण त्यातून राखणदार आला नाही, होडी आली नाही.

"आधी एक सांगतो," ते म्हणाले. "मग वाचतो. तेव्हा ऐकावंसं वाटलं तर ऐका." त्यांनी पुस्तक छातीशी धरलं. "त्या दिवशी सकाळी सगळ्यांसमोर ती म्हणाली, हा श्वास का कापलास, तुला ऐकणारे कळत नाहीत. बरोबर होतं तिचं. पण मी दिवसभर धुसफुसत राहिलो. दोन पानं होती हो. दहा मिनिटं. मशीन तापलं नव्हतं. मी रुसलो होतो."